खुर्च्या वाटू नका, मैदानावर ठेवा

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, व्हीलचेअरवाटप ठरलेलं. हार, सत्कार, फोटो. मिळणारी खुर्ची दवाखान्यातल्यासारखी. मागून ढकलणारा माणूस गृहीत धरलेला. मी तसल्याच खुर्चीवर बसतो. पारोळ्याच्या अलीकडे महामार्गावर मोटारसायकल घसरली, कमरेखालचं सगळं गेलं. आता जिनिंगचा हिशेब घरी बसून लिहितो. फुकटच्या खुर्चीला नावं ठेवू नयेत म्हणतात, मी ठेवतो. तिच्यावर खेळता येत नाही.

खेळाची खुर्ची वेगळी. चाकं खालून बाहेर तिरकी, म्हणून झटकन वळते आणि सहसा कलंडत नाही. मागे ढकलायच्या मुठी नाहीत, कारण ढकलणारा कुणी नसतोच. व्हीलचेअर बास्केटबॉलला कडी मात्र सगळ्यांचीच, ३.०५ मीटरवर. चाकाला दोन धक्के दिले की चेंडू आपटायचा किंवा पास करायचा. मला भावतो तो गुणांचा नियम. शरीरावर ताबा किती, हे पाहून प्रत्येकाला १ ते ४.५ गुण देतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे पाचही दणकट गडी उतरवताच येत नाहीत. ज्याला छातीखाली काही कळत नाही, त्याच्यावाचून हिशेब जमणं अवघड. घरात ज्याला ‘तू बस रे’ म्हणतात, त्याला संघवाले शोधत येतात. अशा खेळाची संघटना वाढायची तर गावोगाव माणसं हुडकावीच लागतात.

मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या जवानामागे लष्कराचं रुग्णालय होतं. जखमी सैनिकांसाठी खडकीला पुनर्वसन केंद्रही आहे. ते हवंच. पण केळीचा ट्रक भरताना पडलेल्या रावेरच्या मजुरानं कुठं जायचं? व्हीलचेअर बास्केटबॉलचा राष्ट्रीय महासंघ निघाला तो २०१४ साली, चेन्नईत. लहानपणी पोलिओ झालेल्या माधवी लता यांच्या पुढाकारानं. महाराष्ट्राचे संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. जिल्ह्याच्या गावाचं काय?

आमच्याकडे सामना खेळायचा तर धुळे ते जळगाव नव्वदेक किलोमीटर. एसटीची पायरी पाहिली की तेच अंतर मुंबईएवढं होतं. रेल्वेनं यायचं तर चाळीसगावला गाडी बदला. त्यात आमचं ऊन. मे महिन्यात चाकाचं कडं हाताला चटका देतं, आणि मणक्याला इजा झालेल्या अनेकांना खालच्या अंगाला घामच येत नाही, अंग तापत जातं. म्हणून सावलीचा हॉल ही चैन नव्हे.

पैशाचं म्हणाल, तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे, असा शासनाचा आदेश आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम ३० तर खेळावरच आहे. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा क्रीडा संकुलांत दहा-दहा खेळाच्या खुर्च्या ठेवा. कुणाच्या नावावर करू नका. खोलीची किल्ली खेळाडूंकडे द्या. दुरुस्तीची काळजी नको, रिमचा आऊट काढणारा सायकलवाला आपल्याकडे अजून आहे. आणि रविवारी फळी लावून चढता येईल असा एक टेम्पो.

मी बहुधा दोन गुणांचा भरेन. उरलेल्या बारा गुणांचे गडी जळगाव जिल्ह्यात मिळतील. धुळेकरांनी आपले शोधायला लागावं.