परवाना मालकाच्या खिशात

परदेशी राबणाऱ्या भारतीय कामगाराचे कौतुक करताना सत्ताधाऱ्यांची जीभ कधी थकत नाही. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठवले आणि या बाबतीत भारत जगात पहिला ठरला. या आकड्याचे पोवाडे गायले जातात. त्याच वर्षी १२ जून रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागून पन्नासच्या आसपास माणसे दगावली. त्यांत बहुतेक भारतीय होते. शवपेट्या आल्या, पुष्पचक्रे वाहिली गेली, मदतीचे आकडे जाहीर झाले आणि विषय मिटला. परकीय चलन धाडणारा हात आणि धुरात घुसमटलेला देह हे एकाच वर्गाचे आहेत. त्या वर्गाच्या असहायतेचे मूळ ज्या कागदात आहे त्याविषयी मात्र सगळीकडे मौन आहे. तो कागद म्हणजे काम करण्याचा परवाना.

आपल्या भूमीवर कोणी काम करावे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, याबद्दल वाद नाही. परवाना कोणाच्या हाती असावा, हा खरा प्रश्न आहे. आखाती देशांत रूढ झालेल्या कफाला पद्धतीत कामगाराचा प्रवेश, वास्तव्य आणि रोजगार ही तिन्ही एका मालकाच्या, म्हणजे कफीलाच्या, नावाशी बांधली गेली. मालकाने पगार थकवला तर कामगाराने काय करावे? नोकरी सोडावी, तर वास्तव्याचा हक्कही संपतो. सौदी अरेबियात मालकाने ‘हुरूब’, म्हणजे पळून गेल्याची, नोंद केली की कालचा कामगार आज गुन्हेगार, असे वर्षानुवर्षे चालत आले. पासपोर्ट काढून घेण्यास कायद्याने मनाई असूनही तो राजरोस काढून घेतला जातो. सौदी अरेबिया, कतार आणि संयुक्त अरब अमिरातीत परदेशी कामगारांना स्वतंत्र संघटना उभारता येत नाही. ज्याला काम सोडता येत नाही आणि संघटितही होता येत नाही, तो माणूस श्रम विकत नाही; तो स्वतःच गहाण पडलेला असतो.

हे गहाणखत लिहिले जाते ते मात्र येथेच. १९७३ च्या तेलदरवाढीनंतर आखातात बांधकामांचे पेव फुटले आणि मुंबई ही कामगारभरतीची मोठी पेठ बनली. रत्नागिरी-रायगडकडील कितीतरी घरांतल्या कर्त्या पुरुषांनी ती वाट धरली. १९८३ साली उत्प्रवास कायदा झाला, उत्प्रवासी संरक्षकांची कार्यालये चालू लागली, एजंटांना नोंदणी सक्तीची झाली. एजंटाने ३० हजार रुपयांहून अधिक सेवाशुल्क घेऊ नये, असा नियमही पुढे झाला. प्रत्यक्षात बिननोंदणीचे दलाल त्याच्या कितीतरी पट रक्कम उकळतात. घरचे दागिने मोडले जातात, जमीन सावकाराकडे जाते. येथे दाखवलेला करार तिकडे उतरल्यावर बदलतो. ‘आझाद व्हिसा’ नावाची चीज तर याहून नामी आहे. कफील काम न देता नुसता परवाना विकतो; कामगार दुसरीकडे राबताना सापडला, तर शिक्षा कामगारालाच. उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजुराला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मुलूख बदलला, मुकादम बदलला; फास तोच आहे.

यावर एक साळसूद उत्तर तयार असते: हे लोक स्वखुशीने जातात, करारावर सही करतात, चार पैसे मिळवतात; मग शोषण कसले? गिरमिटाच्या समर्थकांनीही कराराच्या याच स्वेच्छेची ढाल पुढे केली होती. ती पद्धत समूळ रद्द व्हावी, असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला आणि सरकारने तो फेटाळून लावला. करार मोडणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षा होत होती, हाच त्या पद्धतीचा विषारी दात होता. नोकरी सोडणाऱ्याला बेकायदा रहिवासी ठरवणारा परवाना त्याच जातीचा आहे. पोटाची आग आणि डोक्यावरचे कर्ज यांनी करवून घेतलेल्या सहीला स्वेच्छा म्हणणे ही शुद्ध मखलाशी होय.

दुसरा आक्षेप व्यवहारी मंडळींचा: हक्कांचा आग्रह धरला तर नोकऱ्या दुसऱ्या देशांच्या कामगारांना मिळतील. या भीतीला फिलिपाइन्सने उत्तर दिले आहे. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार त्या देशाने मान्य केला. एका घरकामगार स्त्रीच्या हत्येनंतर २०१८ साली त्याने कुवेतला कामगार पाठवणे थांबवले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कुवेतला करारावर सही करावी लागली आणि मालकाने पासपोर्ट व मोबाइल काढून घेऊ नये, हे मान्य करावे लागले. भारताने मात्र १९९० च्या करारावर आजतागायत सही केलेली नाही.

कतारचा अनुभवही हेच सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेतील कामगार प्रतिनिधींनी २०१४ साली कतारविरुद्ध तक्रार नोंदवली. २०२२ ची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा तोंडावर होती, जगाचे डोळे तिकडे लागले होते. अखेर २०२० साली मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा कायद्यात आली. ती मालकांच्या औदार्याने आलेली नाही. कागदावरील मुभा अंमलात आणण्याचा झगडा तर बाकीच आहे. सौदी अरेबियाने २०२१ साली केलेल्या सुधारणांतून घरकामगारांना वगळले. ज्यांचे रडणे चार भिंतींच्या बाहेर येत नाही, त्यांनाच बाहेर ठेवले.

परवाना हे कामगाराविरुद्ध कामगार उभा करण्याचेही हत्यार आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलने हजारो पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने रद्द केले आणि २०२४ च्या आरंभी त्यांच्या जागा भरण्यासाठी हरयाणा व उत्तर प्रदेशात भरती सुरू झाली. भारतातील कामगार संघटनांनी तिला विरोध केला, तो योग्यच होता. एकाचा परवाना हिरावून दुसऱ्याला दिलेली भाकरी उद्या दुसऱ्याच्याही ताटातून उचलली जाऊ शकते.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. परवाना कामगाराच्या नावे असावा आणि मालक बदलण्याचा हक्क त्याला असावा. भरतीचा सारा खर्च मालकाने सोसावा. भारत सरकारने १९९० च्या करारावर सही करावी आणि दूतावासांत थकीत वेतनाच्या दाव्यांसाठी कायदेशीर साह्य द्यावे. दिल्ली हे आपण होऊन करील, या भ्रमात राहण्यात अर्थ नाही. कोकणात, मुंबईच्या वस्त्यांत आणि गोव्यात कार्यकर्त्यांनी परदेशी निघालेल्या माणसाचा करार त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा, एजंटाची नोंदणी तपासावी, परतलेल्यांना संघटित करून त्यांच्या बुडालेल्या वेतनाची यादी करावी. ज्या वर्गाने आखाताची शहरे उभी केली, त्याला स्वतःच्या नावाचा एक कागदही मिळू नये, ही स्थिती संघटनेखेरीज पालटणार नाही.