पहिली-दुसरीच्या लेकराचं वाचन रोज ऐका

तुमचं लेकरू पहिलीत, दुसरीत किंवा तिसरीत असेल, तर माझं एक मागणं आहे. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्याला जवळ बसवा, मराठीचं पुस्तक मोठ्यानं वाचायला सांगा आणि शेवटपर्यंत ऐका. शिकवणी लावा असं मी म्हणत नाही, गाईड आणा असंही म्हणत नाही. नुसतं ऐका, पण रोज ऐका.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान वर्गांना शिकवते. रस्त्यात, बाजारात, लग्नाच्या मांडवात कुणी पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मॅडम, आमचं कसं काय चाललंय?’ प्रश्न काळजीचा असतो हे मला कळतं. पण त्याचं उत्तर तुम्हाला घरातच मिळतं. प्रगतिपुस्तक हातात येईपर्यंत थांबायची गरज नाही.

आधी वर्गातला हिशेब सांगते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. वर्ग मात्र पहिली ते चौथी असे चार असतात, म्हणजे एका शिक्षकाच्या वाट्याला दोन वर्ग एकदम येतात. दुसरीची वीस लेकरं धरा आणि प्रत्येकाला दोन मिनिटं वाचायला दिली असं समजा. चाळीस मिनिटं, म्हणजे एक अख्खा तास त्यातच संपतो. तोपर्यंत शेजारच्या रांगेतली पहिलीची लेकरं पाटीवर गिरवत बसलेली असतात. त्यातली निम्मी पाच मिनिटांत उठून माझ्याजवळ येतात, ‘मॅडम झालं.’ मधेच कुणाचं पोट दुखतं, कुणाची पेन्सिल हरवते, कुठली तरी माहिती आजच्या आज पोर्टलवर भरा म्हणून निरोप येतो. तरी मी रोज वाचून घेते. पण कितीही ताणलं तरी एका लेकराच्या वाट्याला दोन मिनिटांच्या वर फारसं काही येत नाही. आठवड्याच्या सहा दिवसांत बारा मिनिटं. तुमच्या घरची एक संध्याकाळ त्याहून मोठी आहे.

एवढा आग्रह वाचनाचाच का, असं विचाराल. चौथी-पाचवीपासून सगळंच वाचून समजून घ्यायचं असतं म्हणून. परिसर अभ्यासाचा धडा आहे, गणितातली शाब्दिक उदाहरणं आहेत. वजाबाकी पक्की येणारी मुलं मी गणितात नापास होताना पाहिली आहेत, कारण ‘रमाकडे बत्तीस बोरं होती, तिनं भावाला चौदा दिली, तर किती उरली’ ही ओळच त्यांना वाचता आली नाही. आणि चौथीतल्या मुलाला वाचायला येत नाही असं कळलं की ते लपवायला लागतं. मागच्या बाकावर जातं, पाणी प्यायला जातं, शेजारच्याच्या वहीत बघून उतरवतं. हळूहळू शाळा नको म्हणतं. दुसरीतल्या लेकराला लाज वाटत नाही, ते बिनधास्त चुकतं. म्हणून हीच वर्षं धरायची.

हा प्रश्न एका गावाचा नाही. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. गावागावांत घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवतात. काही अक्षरं, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे सत्तावीस मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. पाचवीत हा आकडा शंभरात एकोणपन्नासच्या आसपास होता. पाचवीतली निम्मी मुलं दुसरीचं पुस्तक वाचू शकत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. हे वाचून शाळेला बोल लावायचा असेल तर लावा, तो तुमचा हक्क आहे. पण आज संध्याकाळी लेकराला जवळ बसवायचं काम त्यासाठी थांबवू नका.

‘आमचं तर घडाघडा वाचतं’ असं पुष्कळ आया सांगतात. इथं जरा सावध राहा. लहान मुलांचं पाठांतर फार जबर असतं. वर्गात दहा वेळा ऐकलेला धडा ते पुस्तक उघडून, पानावर बोट फिरवत, हेल काढून म्हणून दाखवतं. आपल्याला वाटतं वाचतंय. बघायचं असेल तर धड्याच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, हा कोणता? नाहीतर शेवटचं वाक्य आधी वाचायला सांगा. जे लेकरू वाचतं ते लगेच सांगेल. जे म्हणून दाखवतं ते धड्याच्या सुरुवातीला जाईल आणि पहिल्यापासून म्हणत त्या शब्दापर्यंत येईल. बाराखडीचंही तसंच. ‘क का कि की’ तालात म्हणणारं लेकरू नुसता ‘कु’ समोर ठेवला की गप्प होतं. घरात बाराखडी पाठ करून घेण्यावर जोर असतो, त्यातला निम्मा वेळ शब्द वाचण्याला दिला तर जास्त पदरात पडेल.

ऐकायचं कसं, तेही सांगते. लेकरू अडलं की लगेच शब्द सांगू नका. मनात सावकाश पाचपर्यंत आकडे मोजा. बऱ्याचदा तेवढ्यात त्याचं त्याला सुचतं, आणि स्वतः सोडवलेला शब्द ते विसरत नाही. नाहीच आलं तर सांगून टाका आणि पुढं जाऊ द्या. त्याच शब्दावर अर्धा तास घासत बसू नका. मुलं कुठं अडतात हे लक्षात आलं तर मला येऊन सांगा, त्याचा मला फार उपयोग होतो. काहींचं पहिलं अक्षर बरोबर येतं आणि पुढचं ती अंदाजानं ठोकतात, ‘बदक’चं ‘बदल’ करतात. काहींना काना-वेलांटीपर्यंत येतं, पण जोडाक्षर आलं की गाडी थांबते. ‘र’ तर मोठ्यांचीही परीक्षा घेतो. ‘सूर्य’मधला वर बसतो, ‘प्रकाश’मधला खाली तिरका होतो, ‘राष्ट्र’मधला आणखी वेगळा दिसतो. हे सगळं एकच अक्षर आहे हे लेकराच्या ध्यानात यायला वेळ लागतो. तो वेळ त्याला द्या.

आणि वाचून झालं की एक प्रश्न जरूर विचारा, ‘मग काय झालं?’ गोष्टीतल्या कावळ्यानं काय केलं, हे त्यानं तुमच्या घरच्या बोलीत सांगितलं की समजा, वाचलेलं आत गेलंय. अर्थाशिवाय नुसते आवाज काढण्याला वाचन म्हणायचं नाही.

घरच्या बोलीवरून आठवलं. लेकरू ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालं, ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणालं तर टोकू नका. पानावरचा शब्द त्यानं ओळखलाय, वाचन झालंय. आमच्या वर्गात तांड्यावरून येणारी लेकरं घरी गोरमाटी बोलतात. ‘असं नाही बोलायचं, शुद्ध बोल’ म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांचं तोंड बंद केलं तर वर्षभर ती बोलत नाहीत, आणि न बोलणारं लेकरू मोठ्यानं वाचणारही नाही. प्रमाण भाषा पुस्तकातून हळूहळू येतेच. तिची घाई आपण करू नये.

‘मॅडम, मला तर सही पण येत नाही, मी काय ऐकणार?’ हा प्रश्न मला फार आयांनी विचारलाय, आणि प्रत्येकीला मी एकच सांगते. तुमचे कान चांगले आहेत ना? लेकरू अडखळलं हे कळायला अक्षर यावं लागत नाही. सरळ बोलल्यासारखं वाचतंय की एकेक अक्षर तोडतंय, हे ऐकणाऱ्याला कळतं. वाक्याचा अर्थ लागतोय की नाही हेही कळतं. आणि मुख्य म्हणजे आपल्या आईला हे येत नाही आणि आपण तिला वाचून दाखवतोय, यात लेकराला जो मोठेपणा वाटतो तो मी वर्गात देऊ शकत नाही. आजीला वाचून दाखवणारी मुलं तर सगळ्यात लवकर सुधारतात, कारण आजीला घाई नसते.

पुस्तकाचं म्हणाल तर शाळेतून मोफत मिळालेलं पुरतं. ते पेटीत जपून ठेवू नका. फाटलं तरी चालेल, मी चिकटवून देईन. पुस्तक वाचून झालं की घरात वाचण्यासारखं खूप असतं. मिठाच्या पुड्यावर, बियाण्याच्या पिशवीवर, लग्नपत्रिकेवर, एसटीच्या पाटीवर, किराणा बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर छापलेलं असतंच. शाळेच्या भिंतीवर आठवड्याच्या खिचडी-पुलावाचा फलक आहे, तो सगळ्यात आवडीनं वाचला जातो. वाचायला लावायचं म्हणून लावलं असं त्याला वाटू नये, काहीतरी कळून घ्यायचंय म्हणून वाचावं.

आता जरा कठीण गोष्ट. ‘हाणा त्याला मॅडम, आमची काही ना नाही’ असं म्हणणारे बाप वर्षातून कितीदा तरी भेटतात. मी हाणत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. पण कायदा नसता तरी मी मारलं नसतं. मार बसला की लेकराचं सगळं लक्ष तुमच्या हाताकडे जातं, अक्षराकडे उरत नाही. ‘ग’ आणि ‘म’ मधला फरक घाबरलेल्या डोळ्यांना दिसत नाही. घरीही तेवढं पाळा. दमून आला असाल, राग येत असेल, तर त्या दिवशी वाचन आईकडे, ताईकडे, शेजारच्या दादाकडे सोपवा. शेजारच्या लेकराशी तुलना तर मुळीच नको.

आणि रोज शाळेत पाठवा. यात्रा, बाजार, बहिणीचं बाळ सांभाळणं, कापूस वेचणी ही कारणं मला माहीत आहेत आणि ती खोटी नसतात. पण ज्या दिवशी उकार शिकवला त्या दिवशी लेकरू नसेल, तर पुढचे पंधरा दिवस फळ्यावरचे निम्मे शब्द त्याच्यासाठी बंद असतात.

आमच्या भागात दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव रिकामं होतं. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, कुठंही जा, ऊसतोडीला कोयते निघालेले असतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. परत येईपर्यंत चैत्र उजाडतो. लेकरू बरोबर गेलं की वर्षाचा मोठा भाग गेला. म्हणून पहिलं सांगणं हे, की जाताना लेकरू गावात ठेवता येत असेल तर ठेवा, आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. वसतिगृहाची सोय गावातच शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते, पण नावं वेळेत द्यावी लागतात. मुकादमाची उचल घेतली की त्याच आठवड्यात शाळेत येऊन सांगा. मागं राहिलेल्या लेकराला रात्री फोन करता ना? ‘जेवलास का’ विचारून झालं की म्हणा, आज काय वाचलंस, वाच बघू. फोनवरून पाच मिनिटं ऐकलेलं वाचनही वाचनच आहे.

न्यावंच लागलं तर पुस्तकं बरोबर न्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत नाव घाला. दाखला हातात नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कायदा तसं सांगतो. तेही जमलं नाही तर कोपीत वाचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती, कारण मुलं तिथं होती. उसाच्या फडात तुमचं लेकरू आहे, तर संध्याकाळी चुलीच्या उजेडात त्याचं पुस्तक तिथंच उघडलं पाहिजे.

शेवटचं मागणं बापमाणसांकडे जास्त आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्यात, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात सभेला चार-सहा जण येतात आणि भिंत, नळ, रंगरंगोटी यावर बोलून उठतात. तेही बोलायला हवंच. पण प्रत्येक सभेत एक प्रश्न विचारा, दुसरीची किती लेकरं छोटी गोष्ट सलग वाचतात? नावं नकोत, नुसता आकडा विचारा, आणि पुढच्या सभेत तो वाढला का ते बघा. आम्हा शिक्षकांना त्याचा राग येत नाही. आमचा वेळ कुठल्या कामात जातो हेही तिथंच विचारा. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक यापलीकडची बिगर-शैक्षणिक कामं शिक्षकाला देता येत नाहीत. हे तुम्ही बोललात तर ऐकलं जातं, आम्ही बोललो की तक्रार ठरते.

पुढच्या सभेला येताना लेकराला पुस्तकासकट घेऊन या. सगळ्यांसमोर त्याला उभं करायचं नाही. सभा झाली की ओसरीत बसू, ते एक पान वाचेल, तुम्ही आणि मी ऐकू. कुठं अडतं ते लिहून घेऊ, आणि त्या महिन्यात घरी काय वाचायचं ते तिथंच ठरवू.