चित्राखालचे वाक्य

वास्तुरचनाकारांच्या संकेतस्थळांशी साहित्याच्या वाचकाला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमच्या मते तीही एक प्रकारची संहिताच असते. मात्र बहुधा शब्दांना हद्दपार करून सिद्ध केलेली. पडदाभर पसरलेले एक छायाचित्र, ते सरकवले की दुसरे, मग तिसरे. कोपऱ्यात प्रकल्पाचे नाव, गाव आणि साल. संध्याकाळचा निळसर उजेड, आत लागलेले दिवे. अंगणात माणूस नाही की दोरीवर कपडा नाही.

चित्रे नकोत, असे आम्ही म्हणत नाही. वास्तू प्रथम डोळ्यांनाच भेटते. पण चित्राला जे सांगताच येत नाही, त्याचे काय करायचे? चार्ल्स कोरिया यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकानंतर, १९८३ ते १९८६ या काळात, सिडकोसाठी बेलापूरला रचलेली वसाहत पाहा. एका लहान चौकाभोवती सात घरे. अशा तीन समूहांच्या मध्ये आणखी मोठी मोकळी जागा. उतरत्या कौलारू छपरांची तेथील सुरुवातीची छायाचित्रे अतिशय देखणी आहेत. आज मात्र तेथे जाणाऱ्याला मूळ घरे शोधावी लागतात. अनेकांच्या जागी काँक्रीटचे मजले उभे आहेत. जुने आणि नवे चित्र शेजारी ठेवले, तर पाहणारा 'सगळे बिघडवले' एवढेच म्हणेल. परंतु या घरांची एकही भिंत शेजाऱ्याशी सामायिक नव्हती, आणि ती तशी नसावी हे ठरवूनच केले होते. प्रत्येक कुटुंबाला आपल्या ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावे म्हणून. हे एक वाक्य वाचले की तीच दोन चित्रे निराळी दिसू लागतात. वाढ अभिप्रेत होती. इतकी आणि अशी होती का, हा वाद त्यानंतर सुरू होतो. तो वाद छायाचित्रात मावत नाही.

म्हणून संकेतस्थळ रचणाऱ्याने चित्रापाशी ते कधी टिपले याची नोंद द्यावी, आराखडा द्यावा आणि निदान एक परिच्छेद मजकूर द्यावा. तोही चित्रात कोरलेला नव्हे, खरा मजकूर म्हणून. दोन हजारच्या दशकात अनेकांनी आपली संपूर्ण संकेतस्थळे फ्लॅशमध्ये घडवली. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला, आणि ज्यांची पुनर्रचना झाली नव्हती त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी उरल्या.

पानावरील प्रत्येक चित्राला पर्यायी वर्णन जोडण्याची सोय असते. अंध वाचकाची संगणकप्रणाली तेच वाचून दाखवते. तेथे 'छायाचित्र ४' असे लिहून मोकळे होणे हा आळस आहे. होमरने अकिलीसची ढाल शब्दांत उभी केली, हे आपण वर्गात कौतुकाने शिकवतो. मग जिना, ओसरी, खिडकीतून येणारे ऊन दोन वाक्यांत मांडण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांकडे का येऊ नये? छायाचित्रकाराचे मानधन आनंदाने मोजणारी कार्यालये मजकुराचे काम मात्र ऐनवेळी एखाद्या उमेदवाराच्या गळ्यात मारतात.