मुद्देमालाच्या पिशवीची साक्ष

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात कामाला लागले. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि चार दशकांहून जुन्या लढ्याचे सार्थक झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पक्षकारांची मुंबईवारी चुकली. गुलाल उधळून झाल्यावर आज जरा रुक्ष विषय काढतो.

भाऊसिंगजी रोडवर सीपीआर रुग्णालय आणि हे न्यायालय जवळजवळ समोरासमोर आहेत. अत्याचाराच्या गुन्ह्यात रक्ताचे, लाळेचे नमुने अशाच सरकारी रुग्णालयांत घेतले जातात. त्यांच्या डीएनए अहवालावर झालेली शिक्षा टिकणार का, याचा निवाडा आता रस्त्यापलीकडे होईल. या दोन इमारतींमध्ये नमुन्याचा जो प्रवास होतो, पोलीस ठाण्यातून, मुद्देमाल कारकुनाच्या कपाटातून, प्रयोगशाळेपर्यंत, तिथेच खटले हरले जातात.

डीएनए जुळला म्हणजे विषय संपला, असे आपण धरून चालतो. शास्त्र भक्कम आहेच. १९८४ मध्ये लेस्टरच्या अॅलेक जेफ्रीज यांनी ते शोधले. दोन मुलींच्या खुनाच्या तपासात त्याचा प्रथम वापर झाला, तेव्हा आधी सुटला तो गुन्हा कबूल करून बसलेला एक निरपराध पोरगा; खरा खुनी नंतर सापडला आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी हे तंत्र स्वतंत्रपणे उभे केले. पण यंत्र फक्त समोर आलेल्या नमुन्याबद्दल बोलते. तो कुणाचा, कधी घेतला, वाटेत कुणी उघडला, हे हवालदाराच्या नोंदीनेच सांगायचे असते.

सहा वर्षांच्या मुलीवरील अत्याचार आणि खुनाचे ठाणे जिल्ह्यातील २०१० चे प्रकरण आठवावे. फाशी झालेला आरोपी मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटला. नमुने पाठवण्यातल्या विलंबाचा खुलासा नव्हता, ते सुरक्षित राहिल्याची खात्री नव्हती. त्या पीठावर न्या. गवईही होते. मुलीला न्याय मिळाला नाही, आणि एक माणूस फाशीच्या छायेत वर्षानुवर्षे तुरुंगात राहिला. ढिसाळपणाने दोघांनाही मारले.

१५ जुलै २०२५ला तमिळनाडूतील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. पाकिटावर गुन्हा क्रमांक, कलम, ठाणे, तपासी अंमलदाराची माहिती हवी. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा, उशीर झाल्यास कारण नोंदवावे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडू नये. आणि नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला, याची नोंदवही खटला संपेपर्यंत चालावी. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागावे, हीच नामुष्की.

आपल्या भागात आणखी एक शत्रू आहे, पाऊस. गगनबावडा, राधानगरीच्या ओलीत रक्ताळलेला कपडा प्लॅस्टिकमध्ये कोंबला की त्यावर बुरशी धरते आणि डीएनए सडतो. कपडा सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावा, हे साधे शिक्षण प्रत्येक ठाण्याला मिळायला हवे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. पिशवी बदलायला तेवढी मुदत लागत नाही.

डीएनए नसला तरी खटला उभा राहतो, हेही खरे. मूळच्या हातकणंगले तालुक्यातील सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे यांचा मृतदेह कधीच सापडला नाही, तरी एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयाने त्यांच्या खुनाबद्दल तत्कालीन निरीक्षक अभय कुरुंदकरला जन्मठेप दिली. पण जिथे नमुना हाती आहे, तिथे तो वाया घालवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

सहाही जिल्ह्यांच्या पोलीसप्रमुखांनी नमुन्याच्या प्रवासाची ही नोंदवही प्रत्येक ठाण्यात याच महिन्यात सुरू करावी. आणि वकीलबंधूंनो, सरकार पक्षाचे असा वा आरोपीचे, डीएनए अहवाल वाचण्याआधी ती वही मागा.