पावसाळ्यापूर्वीची जयणा : अंगणातील सागवान

वसईच्या वाडीतील ओटीवरचा झोपाळा असो वा विरारच्या गच्चीवरचा बाक, उघड्यावरील सागवानाची परीक्षा घेणारे दोघेच : समुद्राचा खारा वारा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस. सागवान मूळचेच टिकाऊ. त्याच्या अंगी नैसर्गिक तेल असते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी सागवानातून बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही तरंगत आहे.

तरीही ओल साचली की सागवानावरही शेवाळ आणि बुरशी धरते. या दोन्हींची गणना अनंतकायात होते. श्रावणात हिरवा पडलेला बाक खसाखसा घासणे किंवा त्यावर ब्लीच ओतणे श्रावकाच्या मनाला रुचणारे नाही. ओलच साचली नाही, तर जीवोत्पत्तीही होत नाही. म्हणून या कामाची वेळ मृग नक्षत्रापूर्वीची.

प्रथम मऊ पुंजणीने सांधे व फटी हलकेच पुंजाव्यात; कोळी, मुंग्या यांना बाजूला होण्यास अवधी द्यावा. मग बेताच्या गाळलेल्या पाण्यात सौम्य साबण घेऊन, मऊ ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसावे. दाबाच्या फवाऱ्याने मऊ तंतू निघून जातात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि तेथेच पुढे पाणी मुरते. धुतल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे.

उन्हाने सागवान राखाडी दिसू लागते. हा बदल केवळ वरच्या थराचा असतो; त्याने मजबुती घटत नाही. केवळ रंगासाठी दरवर्षी तेलावर खर्च करण्याची गरज नाही. जवसाच्या तेलावर तर दमट हवेत बुरशी लवकर धरते. शिवाय ते तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. दुकान आणि घर एकाच छताखाली असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे. तेल लावलेच, तर चिंध्या मोकळ्या जागी पसरून पूर्ण वाळवाव्यात.

लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात व लाकडावर काळे डाग पाडतात. त्याजागी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे बसवावेत. पायांच्या टोकांतून पाणी सर्वाधिक शोषले जाते, म्हणून पाय दगडावर किंवा रबरी टोप्यांवर टेकवावेत. मातीपासून अंतर राहिले की वाळवीचेही भय घटते. पावसात बाक छपराखाली, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्यास आतली ओल आतच कोंडते.

एवढे करूनही हिरवी छटा दिसलीच, तर त्या बाकावर बसणे थांबवावे आणि तो हवेशीर जागी आपोआप सुकू द्यावा. पूर्ण कोरडा झाल्यावरच हलक्या हाताने पुंजावा.