कॉफीवरचा बदाम आणि बारामतीचे दूध

बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणाऱ्या पिंपळीत आणि आसपासच्या गावांत सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीवर जाते, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) मोजला जातो, आणि तिथे त्या दुधाशी उत्पादकाचा संबंध संपतो. बारामती एमआयडीसीतला श्रायबर डायनामिक्सचा प्रकल्प, इंदापूर तालुक्यातली सोनाई, असे मोठे दूधप्रक्रिया उद्योग याच पट्ट्यात उभे आहेत. गायीच्या दुधाचा दर ठरतो तो 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ या आकड्यांवर. पण हेच दूध कपात उतरल्यावर कसे वागते, हा विषय मात्र आपण शहरातल्या कॅफेंवर सोडून दिला आहे. लाटे कॉफीवर साधा बदाम काढायला शिकणे म्हणजे मुळात दूध ओळखायला शिकणे. म्हणून ही कला दुधाच्या गावांतल्या मुलामुलींनी, विशेषतः रस्त्यालगत चहा-कॉफीचे दुकान टाकू पाहणाऱ्यांनी, गावातच शिकायला घ्यावी असे मला ठामपणे वाटते.

नवशिक्याचा गैरसमज असा की सगळे कसब हाताच्या वळणात आहे. प्रत्यक्षात कप हातात घेण्याआधीच निकाल बराचसा लागलेला असतो. दूध फ्रिजमधले, अगदी गार हवे. वाफेच्या नळीचे टोक पृष्ठभागाच्या जरासे खाली ठेवून काही सेकंदच हवा आत घ्यायची. भांड्याचा गारवा गेला की टोक थोडे खोल नेऊन दूध गरगर फिरवायचे. भांडे हाताला सोसेना, म्हणजे साधारण 60 ते 65 अंशांवर, थांबायचे. त्यापुढे दुधाला उकळल्याची चव येऊ लागते आणि फेस भरड होतो. हवेच्या बारीक बुडबुड्यांभोवती दुधातली प्रथिने पातळ आवरण धरतात, म्हणून फेस टिकतो. दूध शिळे असेल किंवा वाहतुकीत फार घुसळले गेले असेल, तर त्यातली चरबी फुटून मुक्त होणारी आम्ले हे आवरण मोडतात आणि चांगला फॅट लागलेल्या दुधाचाही फेस बसतो. फॅटच्या आकड्यात न दिसणारी ही गोष्ट बदाम काढणाऱ्याला ताबडतोब कळते. पुढचे काम तुलनेने सोपे आहे. उंचावरून बारीक धार सोडली की दूध कॉफीखाली जाते. कप अर्ध्याहून थोडा जास्त भरला की भांड्याची चोच पृष्ठभागाजवळ आणायची, पांढरा गोल वर तरंगतो. शेवटी भांडे किंचित उचलून धार गोलातून पुढे ओढली की बदाम होतो. अमेरिकेत ही नक्षी लोकप्रिय करणारे सिएटलचे डेव्हिड शोमर यांनी मखमली फेसाचे श्रेय त्याच शहरातल्या जॅक केली यांना दिले आहे. तिथेही 1980च्या दशकात आधी फेस साधला, आकार नंतर आले.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. एस्प्रेसोचे चांगले यंत्र लाखाच्या घरात जाते. बदामासाठी ते घ्या असे कुणालाही सांगू नये. पण शिकण्यासाठी त्याची गरजही नाही. फ्रेंच प्रेसमध्ये गरम दूध वरखाली करून कामापुरता फेस येतो, आणि ओतण्याचा हात पाण्यावरसुद्धा बसवता येतो. वाफेचे यंत्र उपलब्ध असेल, तर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून सराव करता येतो, म्हणजे दूध वाया जात नाही. ते पाणी अर्थातच ओतून द्यायचे. दुसरी शंका अधिक गंभीर आहे: दाट फेस म्हणजे शुद्ध दूध का? मुळीच नाही. दूध आणि पाणी समप्रमाणात घेऊन हलवल्यावर दाट फेस आला तर डिटर्जंटच्या भेसळीचा संशय घ्यावा, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणच सांगते. म्हणून फेसाला दुधाच्या तपासणीचा पर्याय मानू नये. ताजेपणा आणि हाताळणी यांचा तो एक इशारा, एवढेच.

राहता राहिला सगळ्यात रोखठोक प्रश्न: याने दुधाचा दर वाढेल का? गावातल्या दहा दुकानांत बदाम उमटले म्हणून डेअरीचा दर हलणार नाही. 2024मध्ये राज्य सरकारला गायीच्या दुधासाठी लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावे लागले, इतका हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याची उत्तरे धोरणातच शोधावी लागतील. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. एका लाटे कॉफीला साधारण पाव लिटरच्या आत दूध लागते, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते बऱ्याच अंशी ते दूध नीट फेसाळणाऱ्या हाताचे. दूध पिंपळीचे असेल तर तो हातही पिंपळीचा का नसावा? एखाद्या संकलन केंद्राशेजारी, त्याच सकाळचे पाश्चराइज करून गार केलेले दूध वापरून, चार मुलांना हे शिकवायला फार मोठी योजना लागत नाही. गायीचे आणि म्हशीचे दूध शेजारी ठेवून फेसाळले, तर घट्टपणा, चव आणि टिकाऊपणातला फरक त्यांना पहिल्याच दिवशी दिसेल.