विजेची दुचाकी केव्हा घ्यावी?

विजेच्या दुचाकीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. भारतातील बहुतांश वीज कोळशापासून निर्माण होते. तेव्हा रस्त्यावरचा धूर विद्युत्केंद्राच्या धुराड्यात नेऊन काय साधले? आक्षेप वाजवी खरा, पण अपुरा. पेट्रोलमधील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णतारूपाने वाया जाते. विजेच्या मोटारीत हा अपव्यय फारच थोडा. १०० किलोमीटरला तिला सुमारे ३ युनिट वीज पुरते, तर पेट्रोलच्या स्कूटरला सुमारे २ लिटर इंधन लागते. कोळशाची वीज धरली तरी हिशेब विजेच्याच बाजूने जातो. खर्चाचा तर उघडच आहे.

खरी अडचण निराळी आहे. रात्री गाडी लावावयाची कोठे, आणि तेथे वीज आहे काय? २०१९ साली केंद्र सरकारने आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती करून नव्या इमारतींच्या वाहनतळात २० टक्के वाहनांसाठी बॅटरी भारित करण्याची सोय सुचविली. जुन्या चाळीतील भाडेकरूला तिचा काय उपयोग? (तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली तार हा उपाय नव्हे, ते आगीला निमंत्रण होय.) येथे निर्णय गाडीवाल्याचा नसून घरमालकाचा किंवा गृहनिर्माण संस्थेचा असतो, आणि त्यांनी तो टाळणे अन्यायाचे आहे.

ज्याच्या दाराशी जोडणी आहे व ज्याची रोजची फेरी तीस-चाळीस किलोमीटरांची आहे, त्याने थांबण्याचे कारण नाही. काढता येणारी बॅटरी असल्यास वरच्या मजल्यावरही निभते. इतरांनी मात्र जोडणी मिळेपर्यंत चालती स्कूटर मोडीत काढू नये.